इरेनियसने सांगितलं म्हणजे प्रेषितांनीच सांगितलं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकलं तर सांगा. तुमच्या बायबल अभ्यासगटात दोन तट पडलेत. एक भाऊ म्हणतात, प्रेषित योहानाचा शिष्य स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प, पॉलिकार्पचा शिष्य इरेनियस (दुसऱ्या शतकातला बिशप), मधे माणूस एकच, मग इरेनियस लिहितो ते प्रेषितांनीच, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनीच, सांगितल्यासारखं. दुसरे म्हणतात हा सगळा कानगोष्टींचा खेळ आहे, पहिल्याच्या कानात सांगितलं एक आणि शेवटच्याने ऐकलं भलतंच, तेव्हा बायबल सोडून कुणाचंच धरू नका. आणि तुम्ही विचारताय दोघांत बरोबर कोण.

मी २६ वर्षं पाळक व्हायला आलेल्या मुलामुलींना सुरुवातीच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवलाय आणि हे भांडण जवळपास प्रत्येक बॅचला झालंय, त्यामुळे थोडं लांबून सांगते. मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघेही कड्या मोजत बसलेत, एक म्हणतो तीनच आहेत, दुसरा म्हणतो तीनसुद्धा जास्त झाल्या. शिकवण कुठे, कुणासमोर आणि किती वेळा सांगितली जायची हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही, आणि माझ्या मते सगळं त्यावर आहे.

एक गोष्ट आधीच कबूल करते, तुम्ही कुठल्या मंडळीत वाढलात यावर उत्तराचा काही भाग अवलंबून आहे. तुम्ही वसईचे कॅथलिक असाल तर शास्त्र आणि परंपरा दोन्ही एकाच झऱ्यातून येतात ही तुमच्या चर्चची अधिकृत शिकवण आहे, १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती पुन्हा नीट मांडली. प्रोटेस्टंट असाल तर शेवटचा शब्द शास्त्राचा. तो वाद मी इथे सोडवत नाहीये आणि सुटणारही नाही. पण 'या जुन्या लेखकाचं हे वाक्य कितपत धरायचं' हा प्रश्न दोघांनाही आहेच, आणि त्याची काही रीत आहे.

आता इरेनियस. लहानपण रोमी साम्राज्याच्या आशिया प्रांतातल्या स्मुर्णात, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमीर, आणि पुढे तो गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, लियाँचा बिशप झाला, तिथला आधीचा बिशप पोथिनस १७७ च्या छळात मेल्यावर. साधारण १८० च्या सुमाराला त्याने पाखंडी मतांविरुद्ध पाच भागांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा लहानपणीचा एक ओळखीचा फ्लोरिनस वेगळ्या शिकवणीकडे गेला तेव्हा त्याला लिहिलेलं एक पत्र आहे (मूळ पत्र नाही, चौथ्या शतकातल्या युसेबियसने आपल्या मंडळीच्या इतिहासात त्यातला तुकडा उतरवून घेतला म्हणून मिळालं). त्यात तो म्हणतो की अलीकडे काय झालं त्यापेक्षा ते दिवस मला जास्त लख्ख आठवतात, पॉलिकार्प बोलायला बसायचा ती जागा, त्याचं येणं-जाणं, दिसायचा कसा, योहानाशी आणि प्रभूला पाहिलेल्या इतरांशी झालेल्या भेटी कशा सांगायचा ते सगळं, आणि हे मी कागदावर नाही, मनात लिहून ठेवलंय. वर्गात हा उतारा वाचला की मुलं एकदम गप्प होतात. आजीच्या ओसरीवर बसून ऐकलेलं कुणालाही आठवतंच.

मग मी त्याच माणसाच्या त्या पाच भागांच्या ग्रंथातला दुसऱ्या भागातला २२ वा अध्याय काढते. तिथे इरेनियस म्हणतो की येशू जवळजवळ पन्नाशीपर्यंत शिकवत होता. आणि हे कशावरून, तर आशियातले वडीलधारे, जे योहानाबरोबर होते, ते असं सांगतात म्हणून. म्हणजे साखळी तीच, प्रदेश तोच, सांगणारा तोच प्रामाणिक माणूस, आणि माहिती अशी की जी पुढे कुठल्याही मंडळीने धरली नाही. लूक सांगतो सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता, आणि येशूला मृत्युदंड देणारा रोमी सुभेदार पंतय पिलात याचा अंमल इ.स. ३६ च्या आसपास संपला, त्यात पन्नाशी बसवायला फारच ओढाताण करावी लागते. इरेनियसला ते वय हवं होतं, कारण येशूने बाळापासून वडीलधाऱ्यांपर्यंत प्रत्येक वय पवित्र केलं असं त्याला म्हणायचं होतं, योहान ८ मधे लोक येशूला 'तू अजून पन्नास वर्षांचाही नाहीस' म्हणतात ते वाक्यही त्याने जोडीला घेतलं. थोडक्यात आठवण, वाचन आणि आवडता मुद्दा यांची खिचडी झाली.

इथे तुमचे दुसरे भाऊ खूश होतील, पण थांबा. इरेनियसचा मूळ युक्तिवाद 'मी पॉलिकार्पला ऐकलंय म्हणून माझं खरं' एवढाच असता तर तो तिथेच आडवा झाला असता, कारण साखळी तेव्हा सगळ्यांकडेच होती! व्हॅलेंटिनस आणि बॅसिलिडीस हे इरेनियस ज्यांना पाखंडी म्हणतो त्यांतले गुरू. व्हॅलेंटिनसचे लोक म्हणायचे आमचा गुरू थ्यूडासकडे शिकला आणि थ्यूडास पौलाचा शिष्य. बॅसिलिडीसवाले म्हणायचे आमच्याकडे ग्लॉकियस, पेत्राचा दुभाषा. हे आपल्याला अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट सांगतो. आणि त्यांच्या साखळीतून काय यायचं, तर बाकीच्यांना न सांगितलेलं गुपित. आपल्या भाषेत कानमंत्र. निवडक लोकांना, बंद दाराआड.

त्यावर तिसऱ्या भागात इरेनियसने काय केलंय ते नीट वाचा. तो म्हणतो प्रेषितांना खरंच काही गुपित माहीत असतं तर ज्यांच्या हातात त्यांनी मंडळ्या सोपवल्या त्यांना तरी सांगितलं असतं ना? मग तो रोमची यादी देतो, पेत्र-पौलानंतर लायनस, मग अनाक्लेटस, मग क्लेमेंट, असं करत बारावा एल्युथेरस, जो तेव्हा जिवंत होता आणि बिशप होता. सगळ्या मंडळ्यांची यादी द्यायला जागा पुरणार नाही म्हणून एकच देतो असंही सांगतो. लोकांना वाटतं ही यादी म्हणजे वंशावळ, सातबाऱ्यावर वारसाचं नाव लागतं तशी. मला ती वेगळी वाटते. तो म्हणतोय जा, विचारा, ही माणसं गल्लीत राहणारी आहेत, दर आठवड्याला सगळ्यांसमोर बोलतात, त्यांनी काय शिकवलं ते अख्ख्या मंडळीला माहितीय. स्मुर्णात विचारा, इफिसात विचारा, आणि सगळीकडे एकच ऐकायला मिळालं तर ते कुणी एकट्याने बनवलेलं नाही. कानमंत्राला त्याने चावडीवरचं बोलणं उत्तर म्हणून दिलं. (पुढे तो असंही म्हणतो की ज्यांच्याकडे कागद-शाई नाही अशा रानटी जमातीसुद्धा हीच शिकवण धरून आहेत.)

आता हे 'सगळ्यांसमोर' म्हणजे प्रत्यक्षात काय, त्याचं चित्र दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन देतो. रोममधे, साधारण १५५. रविवारी गावातले आणि शिवारातले सगळे एका ठिकाणी जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचले जातात, मग पुढारी त्यावर बोलतो, मग सगळे उभे राहून प्रार्थना, मग भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी डीकन (मंडळीचे सेवक) नेऊन देतात, ज्याला जमेल तो पैसे देतो आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदेतले यांचं बघतात. आता विचार करा, दर रविवारी असं वाचन चालू असताना एखादा पुढारी उठून म्हणाला की येशू सुळावर गेलाच नाही, तर गप्प कोण बसेल? हरिपाठात चाळीस माणसं एका सुरात म्हणत असताना एकाने ओळ बदलून बघावी, टाळ थांबतात.

बाप्तिस्म्याच्या आधीही तेच. ३५० च्या आसपास यरुशलेमचा सिरिल बाप्तिस्मा घ्यायला आलेल्यांना सांगतो की विश्वासांगीकार (आपण काय मानतो याची ठरलेली वाक्यं) कागदावर उतरवून घेऊ नका, पाठ करा. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याच्याकडे तर त्याचे दोन टप्पेच होते, बिशपने तो उमेदवारांना 'द्यायचा' आणि काही दिवसांनी उमेदवाराने तोंडपाठ म्हणून 'परत करायचा'. ऑगस्टिनने ऐकलेली एक हकिकत त्याच्या आत्मचरित्रात आहे. रोममधला व्हिक्टोरिनस, वक्तृत्वाचा नामांकित प्राध्यापक, ज्याचा पुतळाही उभारला होता, तो म्हातारपणी ख्रिस्ती झाला. धर्मगुरूंनी त्याला सवलत देऊ केली की तुम्हाला संकोच वाटत असेल तर खाजगीत म्हणा. तो नाही म्हणाला, आयुष्यभर वक्तृत्व शिकवताना लोकांसमोर बोललो, आता का लाजू. चौथऱ्यावर चढला तर गर्दीतून कुजबुज सुरू झाली, 'व्हिक्टोरिनस, व्हिक्टोरिनस'. माझ्या विद्यार्थ्यांना मी म्हणते की 'परंपरा' शब्द वाचलात की डोळ्यासमोर जुनाट पोथी आणू नका, हा चौथरा आणा.

पण मग सगळ्यांसमोर म्हटलं म्हणजे चूक होतच नाही का? होते की. गणपतीत आरती ऐका, 'संकटी पावावे' चं 'संकष्टी पावावे' अख्खी सोसायटी एका सुरात म्हणते आणि कुणी थांबत नाही. गर्दी मिळूनसुद्धा चुकते, भरसुद्धा घालते. आपल्याच घरातलं उदाहरण म्हणजे प्रभूची प्रार्थना. मत्तय ६:१३ उघडा, 'राज्य, सामर्थ्य व वैभव ही सर्वकाळ तुझीच आहेत' हे वाक्य बऱ्याच आवृत्त्यांत कंसात किंवा तळटीपेत दिसेल, कारण मत्तयाच्या सर्वांत जुन्या प्रतींत ते नाही. कॅथलिक लोक ते प्रार्थनेला थेट जोडून म्हणत नाहीत. पण डिडाखे नावाच्या फार जुन्या पुस्तिकेत, जी बरेच अभ्यासक पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला ठेवतात, तिथे ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं सांगितलंय आणि शेवटी 'सामर्थ्य व वैभव' आहे, 'राज्य' नाही. म्हणजे मंडळी म्हणता म्हणता शेपूट जोडलं गेलं, थोडं वाढलं आणि मग नकलाकारांच्या हातून शुभवर्तमानाच्या प्रतीत शिरलं. यात अर्थाचा अनर्थ झाला का? नाही झाला. पण शब्दन् शब्द जसाच्या तसा आला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

म्हणून माझी रीत अशी झालीय. लेखक काही सांगतो ते दर आठवड्याला मंडळीत चालणारं आहे, बाप्तिस्म्याला विचारलं जाणारं आहे, लांबलांबच्या मंडळ्यांत सारखं आहे, तर त्याचा गाभा मी बराच घट्ट धरते, शब्द सैल ठेवते. एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला सांगितलेली एकट-दुकट आठवण असेल तर आदराने ऐकते आणि बाजूला ठेवते, दुसरीकडून दुजोरा मिळेपर्यंत. इरेनियस पहिल्या बाबतीत भक्कम आहे, दुसऱ्या बाबतीत पन्नाशीवाला आहे, आणि एकाच माणसात या दोन्ही गोष्टी असू शकतात हे तुमच्या दोन्ही भावांनी मान्य केलं तर अर्धं भांडण मिटेल.

पापियास हे दुसऱ्या प्रकारचं नमुनेदार उदाहरण. हिरापोलिसचा बिशप, दुसऱ्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतला. तो म्हणतो, वडीलधाऱ्यांच्या सहवासात राहिलेला कुणी आला की मी विचारायचो, आंद्रिया काय म्हणाला, पेत्र काय म्हणाला, कारण पुस्तकांपेक्षा जिवंत आवाजाचा मला जास्त उपयोग व्हायचा. (म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसं गाठून गोळा केल्या, तसाच हा भाऊ.) मार्क हा पेत्राचा दुभाषा होता आणि त्याने आठवलं ते अचूक पण क्रमाने नाही असं लिहिलं, ही माहिती याच्याकडूनच आली. आणि याच्याकडूनच इरेनियसकडे आली द्राक्षांची गोष्ट: येणाऱ्या राज्यात प्रत्येक वेलीला १०,००० फांद्या, प्रत्येक फांदीला १०,००० डहाळ्या, त्यांना १०,००० फुटवे, त्यांना १०,००० घड, घडाला १०,००० द्राक्षं आणि एकेका द्राक्षातून २५ मापं रस, आणि एक घड तोडायला गेलं की दुसरा ओरडतो मी जास्त चांगला, मला घे! नाशिकच्या एका विद्यार्थ्याने हे वाचून विचारलं होतं, मॅडम, भाव किती पडेल. गंमत अशी की अशीच द्राक्षं, फक्त हजाराच्या हिशोबात, बारूखच्या नावाने लिहिलेल्या एका यहुदी पुस्तकात आहेत. म्हणजे कुठलीतरी लोकांच्या तोंडची गोष्ट प्रभूच्या नावावर जमा झाली असावी असं मला वाटतं. युसेबियस तर पापियासला सरळ बुद्धीने बेताचाच म्हणतो, जे मला जरा अन्यायाचं वाटतं, कारण मार्कची माहिती देताना मात्र त्याला हाच पापियास लागतो. आणि पापियास ज्या योहानाचं नाव घेतो तो प्रेषित योहान की त्याच नावाचा दुसरा वडील, हा प्रश्नही युसेबियसनेच काढलाय, तेव्हा 'योहानाचा शिष्य' हे शब्द कुठेही वाचलेत तरी जरा सावकाश.

आता पहिल्या भावांसाठी एक. दोन्हीकडे प्रेषितांपासूनची साखळी आणि दोन्हीकडे सार्वजनिक रिवाज, तरीही मत वेगळं, असंही झालंय. आशियातल्या मंडळ्या यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या तारखेला, त्यांच्या निसान महिन्याच्या १४ ला, वार कुठलाही असो, येशूच्या मरण-पुनरुत्थानाचा सण पाळायच्या. रोमकडे रविवारच. साधारण १५५ ला पॉलिकार्प स्वतः रोमला गेला, बिशप अनिसेटसशी बोलला, दोघांनी एकमेकांना पटवायचा प्रयत्न केला, कुणाचंच कुणाला पटलं नाही, आणि मग अनिसेटसने मान म्हणून प्रभुभोजनाचा विधी पॉलिकार्पला करायला दिला आणि दोघं शांततेने निघाले. १९० च्या सुमाराला रोमचा व्हिक्टर मात्र आशियाशी संबंध तोडायला निघाला. इफिसच्या पॉलिक्रेटसने त्याला लिहिलं की माझ्या नात्यातले सात जण बिशप होते, मी आठवा, फिलिप आणि योहान आमच्या मातीत पुरलेत, मला घाबरवू नका. तेव्हा मधे पडला कोण, इरेनियस, जो स्वतः रविवारवाला होता. त्याने व्हिक्टरला सुनावलं की सणाआधीच्या उपवासातला आपला फरक विश्वासातली आपली एकी पक्की करतो. आज चर्चमधे खुर्च्यांच्या रांगेवरून तट पडतात तिथे हे पत्र फ्रेम करून लावावंसं वाटतं, असो.

एक वेगळीच अडचण राहिली, आणि त्यात मी स्वतः तोंडावर पडलेय. ही पुस्तकंसुद्धा आपल्यापर्यंत हस्ते परहस्तेच आलीत. इरेनियसचं मूळ ग्रीक बरंचसं हरवलं, पूर्ण ग्रंथ लॅटिन भाषांतरात उरला आणि शेवटचे दोन भाग आर्मेनियन भाषेत १९०४ ला येरेवानमधे सापडले. पापियासचे पाचही भाग गेले, फक्त इतरांनी घेतलेले उतारे आहेत. डिडाखेचं नाव जुन्या याद्यांत होतं पण पुस्तक १८७३ ला कॉन्स्टँटिनोपलच्या एका हस्तलिखितात मिळालं, १०५६ सालच्या. आपल्याला हे नवीन नको वाटायला, फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ ला छापलं गेलं, त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज माहीत नाही, ते वाचलं लोकांनी हाताने उतरवून घेतलं आणि म्हणत राहिले म्हणून.

तर माझी फजिती: शिकवायला लागून दुसरंच वर्ष, एका मेळाव्यात मी इग्नेशियसचं एक झकास वाक्य सांगितलं, त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) अगदी नेमकं. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त पाळक काका जवळ आले, म्हणाले, बाई, वाक्य छान आहे, पण ते इग्नेशियसचं नाही. मी जुन्या भाषांतरातून घेतलं होतं आणि त्यात त्याच पत्रांचे लांब पाठ आणि छोटा पाठ (मजकुराची दोन रूपं) शेजारीशेजारी छापलेले होते, मी लांबातून उचललं. अंत्युखियाचा इग्नेशियस, दहा शिपायांच्या पहाऱ्यात (त्यांना तो दहा चित्ते म्हणतो) रोमला मरायला नेला जात असताना त्याने सात पत्रं लिहिली, पण चौथ्या शतकात कुणीतरी त्यांत भर घातली आणि आणखी पत्रं रचून जोडली. खोटी भर ओळखून सातही वेगळी काढायला सतरावं शतक उजाडलं. त्रैक्याची चौथ्या शतकातली घासूनपुसून केलेली भाषा दुसऱ्या शतकातल्या कैद्याच्या तोंडी आली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आता व्हॉट्सॲपवर कुणी 'आद्य पित्यांचं' वाक्य टाकलं की मी तीन गोष्टी विचारते, कुठलं पुस्तक, कितवा अध्याय, कुठला पाठ. बहुतेक वेळा समोरून हात जोडलेला इमोजी येतो.

गटात वाचायचं असेल तर इरेनियसपासून सुरू करू नका, त्याच्या पहिल्या भागात व्हॅलेंटिनसवाल्यांच्या जोडीजोडीने येणाऱ्या तीस दैवी शक्तींची जंत्री आहे, लोक दुसऱ्या आठवड्याला यायचे बंद होतात, अनुभव आहे. आधी डिडाखे, १६ छोटे अध्याय, एका बैठकीत होतो. मग इग्नेशियसची पत्रं, आणि पुस्तकात सातपेक्षा जास्त दिसली तर काकांना आठवा. मग रोमच्या क्लेमेंटचं करिंथकरांना पत्र, आणि मग इरेनियसचा तिसरा भाग, पहिले पाच अध्याय पुरे. शेजारी दुसऱ्या भागातला तो २२ वा अध्यायही ठेवा, म्हणजे दोन्ही भावांना एकेक खाऊ मिळेल.

आणि डिडाखेचा ११ वा अध्याय कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. फिरता प्रेषित (इथे गावोगाव फिरणारा प्रचारक) एक दिवस राहू दे, गरज पडली तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. पैसे मागितले तर खोटा. आणि एखाद्या संदेष्ट्याने आत्म्यात येऊन जेवणाचं पान मांडायला सांगितलं तर ते त्याने स्वतः खायचं नाही. आमच्याकडे इथे हमखास हशा होतो आणि मग कुणीतरी हळूच पाहुण्या प्रचारकांचा विषय काढतं.